प्रदर्शनातले गप्पी मासे

मी शाळेत पोचले तेव्हा मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकत होते. दोन तर आडवेच झाले होते. काचेच्या टाकीभोवती मुलींचा घोळका, आणि टाकीवर आमच्याच कंपनीची पाटी: ‘आमच्या कारखान्यातून बाहेर पडणारे पाणी. यात मासेही आनंदाने राहतात!’

मी घोळक्यातून वाट काढत पुढे घुसले. कारण ते पाणी माझं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. डोंबिवलीत मानपाड्याच्या बाजूला, कापडाला लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी केमिस्ट होते. तिथला ईटीपी मी सांभाळायचे. ईटीपी म्हणजे कारखान्याचं घाण पाणी नाल्यात सोडण्याआधी साफ करायचा प्लँट. आधी चुना घालून गाळ खाली बसवायचा, मग हवा सोडून जिवाणू पोसायचे, म्हणजे उरलीसुरली घाण ते खाऊन टाकतात. शेवटच्या टाकीत मी गप्पी मासे सोडले होते. ते मजेत राहत होते. माझं खरं सर्टिफिकेट तेच. फक्त पाण्याला चहा विसळल्यासारखा किंचित पिवळा रंग असायचा.

शेजारच्या शाळेतल्या भोईर बाईंनी पर्यावरण प्रदर्शन भरवलं होतं. जुन्या साड्यांच्या पिशव्या, माठातलं गांडूळखत, सांडपाण्यावर वाढवलेली अळूची पानं. बाई जवळच्याच गावातल्या. त्यांच्या शेताला पूर्वी शाळेमागच्या नाल्याचं पाणी लागायचं. आता तो नाला कधी लाल, कधी जांभळा वाहायचा. कुठला कारखाना रंग सोडतो ते शोधायचं बाईंच्या मुलींनी मनावर घेतलं होतं. म्हणून आमचे मॅनेजर कर्णिक साहेब म्हणाले, “सामंत, आपणच आपली टाकी मांडू. लोकांचा संशय फिटेल.” मी आदल्या संध्याकाळी कॅन भरून पाणी आणि मासे पाठवले होते.

आणि आता हे. पालक कुजबुजत होते. “बघा, हेच पाणी नाल्यात सोडतात मेले!” असं एक आजी मोठ्यानेच म्हणाल्या. कर्णिक साहेब कोपऱ्यात घाम पुसत उभे होते. मला म्हणाले, “काय पाणी पाठवलंत हो? उद्या कंपनीचं नाव पेपरात आलं तर आधी तुमची नोकरी जाईल, मग माझी!”

मी टाकीत वाकून बघितलं. पाणी स्वच्छ, नितळ, आरपार दिसणारं. माझं पाणी इतकं देखणं कधीच नव्हतं. नाक जवळ नेलं तर ब्लिचिंग पावडरचा वास.

“साहेब, माझं पाणी कुठंय?”

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. “अहो, पिवळट दिसत होतं. पाहुण्यांसमोर बरं दिसतं का? मी सकाळी ओतून दिलं बागेत. इथल्या नळाचं भरलं. पण बोलू नका कुठे.”

मी कपाळाला हात लावला. पण आधी मासे वाचवायचे होते. टाकीतलं थोडं पाणी ग्लासात काढून ठेवलं आणि भोईर बाईंना म्हटलं, “लॅबमध्ये हायपो असेल ना? पळा!” हायपो म्हणजे फोटो धुवायला वापरतात ते मीठ. क्लोरिन मारायला चिमूटभर पुरतं. बाईंनी मनीषा नावाच्या आठवीतल्या मुलीला पिटाळलं. ती बाटली घेऊन आली, मी चिमूट पाण्यात विरघळवून टाकली. बघता बघता माशांच्या धापा कमी झाल्या. आडव्या पडलेल्यांपैकी एक सरळ झाला. दुसरा बिचारा गेला.

टाळ्या पडल्या, पण बाई काही भुलल्या नाहीत. एरवी शुद्ध बोलणाऱ्या बाई चिडल्या की गावाकडच्या बोलीवर यायच्या. “खरा सांगा मॅडम, पानी कुठचा हाय यो?”

साहेबांनी मला डोळ्यांनी दटावलं. गप्प बसले तर माझ्या पाण्याची, म्हणजे माझ्या सगळ्या कामाची बदनामी. बोलले तर साहेबांची अब्रू, आणि माझं प्रमोशन त्यांच्याच हातात. पण त्या मुली माझ्याकडे बघत होत्या. माझ्याच्याने खोटं बोलवेना.

“हे आमच्या प्लँटचं पाणी नाही,” मी म्हटलं.

“मग कोणाचं?” मनीषा म्हणाली.

मी लॅबमधून पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च मागवलं. ग्लासात घातलं. पाणी निळंशार झालं. “याचा अर्थ यात भरपूर क्लोरिन आहे. माशाचे कल्ले त्याने जळतात.”

“मॅडम, नळाचं पण बघूया ना,” मनीषा म्हणाली आणि पेला भरून घेऊन आली. तेही निळं! प्रदर्शनासाठी शाळेने आदल्याच दिवशी नळाच्या पाण्याची टाकी घासून घेतली होती आणि शिपाईमामांनी सढळ हाताने ब्लिचिंग पावडर ओतली होती.

कर्णिक साहेबांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. ते पुढे झाले आणि आनंदाने ओरडले, “बघा! ऐकलंत ना सगळ्यांनी? आमचं पाणी नाहीच आहे ते! तुमच्याच नळाचं आहे! मी स्वतः भरलंय!”

मनीषाने पाटीकडे बोट दाखवून विचारलं, “काका, मग ही पाटी खोटी?”

हॉलमध्ये असा हशा पिकला की काही विचारू नका. साहेबांचा चेहरा बघून मला हसू आवरेना, म्हणून मी खोकल्याचं नाटक केलं. शेवटी साहेबही हसले. माणूस वाईट नव्हता, फक्त पाहुणे म्हटले की त्याचा तोल जायचा.

भोईर बाईंनी मात्र संधी सोडली नाही. सगळ्या पालकांसमोर म्हणाल्या, “साहेब, आता खरं पाणी आणा. पिवळं असलं तरी चालेल. मासे शाळेतच राहतील. पाणी बदलायला माझ्या मुली तुमच्या गेटवर येतील, त्यांना वाटेल तेव्हा. वॉचमनला सांगून ठेवा. मासे मेले तर नाल्याचं पुढे काय करायचं ते आम्ही ठरवू. कबूल?”

साहेबांना कबूल करावंच लागलं.

मुली यायच्या, बाटल्या घेऊन. कधी शाळा सुटल्यावर, कधी रविवारी सकाळी, तर कधी ऐन सुट्टीत. पूर्वी सुट्टीच्या दिवशी ऑपरेटर हवेचा पंप बंद करून झोप काढायचा आणि मी ओरडून घसा बसवून घ्यायचे. साहेब म्हणायचे, “चालतं हो, सामंत.” आता साहेब स्वतः रविवारी फोन करून विचारायचे, “पंप चालू आहे ना? त्या पोरी येतील!” शाळेतल्या माशांना पिल्लं झाली, आणि मला उशिरा का होईना, प्रमोशन मिळालं. नाल्यात रंग सोडणारा कारखाना वेगळाच निघाला. तोही मुलींनीच शोधला.

प्रदूषण खात्याचा साहेब येणार असला की आम्हाला आधी कळायचं, आणि त्या दिवशी प्लँट झकास चालायचा. आठवीच्या मुली कधी येतील ते कळायचं नाही, म्हणून तो रोज झकास चालायला लागला. अख्ख्या नोकरीत याहून चांगलं यंत्र मला कुठल्याही कंपनीने विकलं नाही.