सिनेमातल्या बागेला पाणी

मंडळी, आज दुपारी बाबांसोबत टीव्हीवर एक परदेशी सिनेमा पाहिला. परक्या फौजेनं ताब्यात घेतलेलं गाव, अन् तिथं आपल्या सौंसरसारख्याच संत्र्याच्या बागा. खालची अक्षरं बाबांना दिसत नव्हती.

झाडं सुकलेली पाहून ते म्हणाले, "ताण देऊन राहिले. आता पाणी सोडतीन, मंग पाहजो बहार!"

बहारासाठी आपण पाणी तोडतो, तसंच वाटलं त्यांना. खरं तर फौजेनं विहिरीवर पहारा बसवला होता.

बाबा मोटर सुरू करायला बागेत गेले. इकडे सिनेमात बाया रिकाम्या बादल्या घेऊन बंदुकांसमोर उभ्या राहिल्या, अन् सिनेमा संपला.

परत आल्यावर बाबांनी विचारलं, "सोडलं का पाणी त्याइनं?"

"सोडलं," मी म्हणालो.

"म्हनलं होतं ना!" बाबा खूश झाले.

तेव्हापासून मन खाऊन राहिलं. तुम्ही खरं सांगितलं असतं का?