वेल्ड करून बंद केलेलं दार

…तर तो हातोडा बायकोच्या कानाजवळून गेला आणि मागच्या भिंतीत रुतला, इथवर काल आलो होतो. आता पुढचं ऐका. बाई जागची हलली नाही. मागे वळून तिनं भिंतीचं भोक बघितलं आणि म्हणाली, "नेम तरी नीट धरायचा होता, अहो. जन्मात एक काम धड केलं नाहीत." आणि हातातली कापडाची कात्री भिरकावली. तिचा नेम बरा होता. त्याच्या दंडावर ती खूण अजून आहे.

हा माणूस म्हणजे आमच्या समोरचा फाटकवाला. लोखंडी फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, जिने करून द्यायचा. गल्लीत सगळे त्याला ठिणगी म्हणत; कामावरून म्हणा, नाहीतर स्वभावावरून म्हणा. खाली वर्कशॉप, वर घर, मधे आतला लोखंडी जिना, रस्त्यावरून वर जायला बाहेरचा वेगळा. बायको वर बसून शाळेचे गणवेश शिवायची. दोघांची एकच पोर, गोटी. टणक आणि कुणाच्या हाती न लागणारी. आईबाप पेटले की ती जिन्याच्या मधल्या पायरीवर जाऊन बसायची. मी एकदा विचारलं, "काय गं, भीती नाही वाटत?" तर म्हणते कशी, "आजोबा, इथं दोघांचाही नेम पोचत नाही." मला इतकं आवडलं ते, की आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटलो.

शेवटी प्रकरण कोर्टात गेलं. गोटीनं त्याच सुमारास वर्गातल्या एका मुलीच्या कपाळात कंपासपेटी घातली होती, टाके पडले होते. झालं! न्यायाधीश बाईंसमोर हा म्हणतो, "हिनं पोर बिघडवली." ती म्हणते, "हात बघा तिचा, साहेब, बापाचा हात आहे तो!" "आणि जीभ कुणाची आहे?" "तुमच्या आईची!" बाईंनी टेबल आपटलं तेव्हा दोघं थांबले. निकाल लागला: पोर आईपाशी वर, बाप खाली, रविवारी भेट.

दुसरा कुणी असता तर त्यानं जिन्याच्या दाराला कुलूप घातलं असतं. पण ठिणगीचा कुलपावर विश्वास नव्हता. जे उघडतं ते बंद कसलं, असं त्याचं गणित. घरी येताच त्यानं डोळ्यांवर काळी काच चढवली, जिन्याच्या वरच्या टोकाचं पत्र्याचं दार लावलं आणि चारी बाजूंनी वेल्ड करायला घेतलं. वरून बायको ओरडते, "कर, कर! थडगं बांध!" हा खालून, "तुझंच बांधतोय!" आणि गोटी पलीकडून दारावर लाथा घालतेय, "बाबा, थांबा! बाबा!" यंत्राच्या आवाजात त्याला कुठलं ऐकू यायला? तिनं दार ढकलायला दोन्ही तळवे टेकवले. पत्रा तापून लाल होत आलेला. ती किंकाळी मात्र आम्ही सगळ्यांनी ऐकली.

मग त्यावरून भांडण! तू दार का बंद केलंस, तू तिला मागे का ओढली नाहीस. 'अहो'चं 'अरे' झालं तेही त्याच दिवशी. पोरीचे हात बरे झाले, पण रविवारी ती काही खाली उतरली नाही. ठिणगी नवा सदरा घालून स्टुलावर बसायचा, संध्याकाळी तोच सदरा घालून काम करायचा.

आणि मग ती दुपार. शाळेनं गोटीला काढून टाकलं होतं. आईनं मुस्काटात मारली. पोरीनं बाहेरच्या दाराला आतून अडसर घातला आणि शिवणाची मोठी कात्री उचलली. वरून आरडाओरडा सुरू झाला तसा ठिणगी बाहेरच्या जिन्यानं धावला. पण ते दारही त्याच्याच हातचं, जाड लोखंडी. धक्क्यानं हलेना. तसाच खाली आला, घण उचलला, आतल्या जिन्यावर चढला आणि स्वतःच्याच वेल्डिंगवर तुटून पडला. मी खालून ओरडतोय, "अरे, ग्राइंडरनं काप!" तर हा स्वतःलाच शिव्या घालतोय, "कुणी केलंय हे इतकं पक्कं!"

शेवटी भिंतीतली चौकटच उखडली आणि दारासकट आत कोसळली. मी मागोमाग चढलो. शिलाई मशीन उलटं पडलेलं, गणवेशांवर रक्त, आई कोपऱ्यात खांदा धरून बसलेली आणि गोटी समोर उभी. कात्री कुठेतरी उडाली होती, आता तिच्या हातात कपड्यांची इस्त्री होती. ठिणगीनं सवयीनं हात उगारला. तिनं इस्त्री घातली ती थेट मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, सुकी काटकी मोडावी तसा.

मला वाटलं, आता हा पोरीला संपवतो. पण यानं उरलेल्या हातानं तिला कवटाळलं आणि खाली बसला. ती दंडाला चावली. हा सोडेना. लाथा झाडल्या. सोडेना. कोपऱ्यातून आई कण्हत म्हणाली, "बघ, तुझंच रक्त!" हा दात-ओठ खात म्हणाला, "आणि कात्री कुणाची?" दोघांना रक्त लागलेलं, पण भांडणात खंड नाही! मला हसावं की रडावं कळेना. पोरगी तेवढी गप्प पडली होती, बापाच्या छातीत तोंड खुपसून.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं फोन केला होता, त्यामुळे हवालदार धापा टाकत वर आला. त्यानं खोलीवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "कुणी केलं हे? पोरीनं केलं असेल तर तिला सुधारगृहात न्यावी लागेल. नीट सांगा."

 पहिल्यांदाच आईला कुणाचं नाव घ्यावं ते सुचेना. ती ठिणगीकडे बघू लागली. गोटीनं बापाचा सदरा मुठीत धरला होता. आणि ठिणगी, मोडलेला हात मांडीवर ठेवून, हवालदाराला म्हणाला,

"मारलं पोरीनंच, खोटं कशाला बोलू? पण नेणार असाल तर तिघांनाही न्या, साहेब. आधी मला, मग हिच्या आईला, मग हिला. मारायला आम्ही ज्या क्रमानं शिकलो, त्याच क्रमानं गाडीत बसवा."