हाय प्रेस, न्हाय प्रेस

सोलापुरात एप्रिलमध्ये फुटबॉल खेळायचा तर आधी उन्हाची परवानगी घ्यावी लागते. आमच्या साहेबांनी ती घेतली नव्हती. ते पुण्याहून बदलून आले आणि आल्या आल्या ऑफिसांच्या स्पर्धेत आमचं नाव देऊन मोकळे झाले. पळायला लावणार नसाल तर खेळतो, असं मी म्हणालो, म्हणून मला गोलकीपर केलं.

साहेबांचा डाव एकच, 'हाय प्रेस'. समोरच्याच्या पायात बॉल आला की आपण मागं थांबायचं नाही. सगळ्यांनी चालून जायचं आणि त्याच्याच गोलपाशी त्याला असं दाबायचं की त्याला श्वास घ्यायला फुरसत मिळू नये. त्यासाठी साहेबांनी मोबाइलवर परदेशी सामने दाखवले. त्यातल्या एकालाही पोट नव्हतं.

पहिल्या सरावाला साहेब ओरडले, "हाय प्रेस!" आमचे अक्कलकोट-सांगोल्याकडचे गडी जागच्या जागी थांबले. कुणी शर्ट खोचला, कुणी केसांवरून हात फिरवला. आवक-जावक सांभाळणारे मामा इकडंतिकडं बघत म्हणाले, "कुटं हाय? पेपरवाले हायत का टीव्हीवाले?"

साहेबांनी वीस मिनिटं समजावलं. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी प्रेस न्हाय. नुसतं दाबायचं हाय. मग तसं सांगा की!"

आता माझं दुखणं सांगतो. माझी बायको सांगलीत शिक्षिका, मुलगी पहिलीत. मी महिन्यातून दोनदा जायचो आणि मुलगी प्रत्येक वेळी विचारायची, "आता किती दिवस?" बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर तीन महिने पडून होता. सामन्याच्या आदल्या दिवशी साहेब हसत म्हणाले, "उद्या एक जरी गोल खाल्लात तर सोमवारी सही करतो. नाही खाल्लात, तर असा गोलकीपर मी सोडणार नाही." साहेब लोकांची थट्टा कुठं संपते आणि हुकूम कुठं सुरू होतो, हे मला नोकरीत कधीच कळलेलं नाही. मी घरी फोन करून तसंच सांगून टाकलं. त्या दोघी पहाटेच्या एसटीनं आल्या आणि नेमक्या माझ्या गोलच्या मागं बसल्या.

पहिली दहा मिनिटं आमच्या लोकांनी खरंच दाबलं. समोरचा बॅक इतका भांबावला की त्यानं स्वतःच्याच गोलात बॉल मारला. एक-शून्य! त्यानंतर मात्र आमचा दम संपला. आडातच नव्हता, तर पोहऱ्यात कुठून येणार! दहाही जण त्यांच्या गोलपाशी गुडघ्यांवर हात टेकून उभे, आणि अलीकडं अख्खं मैदान मोकळं. त्यात मी एकटा.

बदली हवी असलेल्या माणसानं अशा वेळी गप्प बसावं. माझं डोकं फिरलं. मी बोंबललो, "न्हाय प्रेस! मागं या!" लाइनीवरून साहेब ओरडले, "हाय!" मी ओरडलो, "न्हाय!" मामा मैदानाच्या मधोमध थांबले आणि वैतागून म्हणाले, "एकदा काय ते ठरवा. हाय का न्हाय?" त्यावर प्रेक्षकांत दोन तट पडले. अर्धे हाय म्हणत होते, अर्धे न्हाय. रेफ्रीनं शिट्टी वाजवून सगळ्यांनाच ताकीद दिली.

शेवटच्या मिनिटाला त्यांचा एक पोरगेला क्लार्क बॉल घेऊन एकटाच सुटला. मामा त्याच्या मागं चालत होते, पळणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. सगळं मैदान ओरडत होतं, "धरा! धरा!" आणि माझ्या पाठीमागून एक बारीक आवाज आला, "बाबा, सोड! सोड ना!"

त्यानं मारला. मी डावीकडं झेप घेतली आणि बॉल पोटाशी घट्ट धरला.

मला उचलून घेतलं. साहेबांनी मिठी मारली. "आता तुम्हाला सोडतोय कुठं!" मी हसत होतो. लाज वाटायला हवी होती, पण त्या घटकेला मला फार आनंद झाला होता.

बायकोनं पाण्याची बाटली पुढं केली. मुलगी मात्र माझ्याकडं रोखून बघत होती.

"मी ओरडले ते तुला ऐकू नाही आलं?"

मी नाही म्हणालो. मला अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं.