खाऱ्या पाण्याच्या बाई

आमच्याकडे दारात पावणा आला की आधी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देतात. ओतूरच्या बाई उलट पावण्याकडेच पाणी मागत. "पाणी आणलंय का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे. पाणी म्हणजे तुमच्या घरच्या काचेच्या टाकीतलं, खारं, बाटलीत भरून आणलेलं. ते आणलं असेल तर बाई दारातून बाजूला होत. नसेल तर माणूस पुण्याहून मोटार घेऊन आलेला का असेना, त्याला चहा मिळे, पोवळ्याचा तुकडा मिळत नसे. "पोरगी द्यायची म्हणल्यावं घर बघत्यात का न्हाई? मंग आमी पाणी बघतो," एवढं सांगून त्या कप विसळायला आत जात.

आमच्यापासून समुद्र गाठायचा म्हणजे माळशेज उतरून कल्याणच्याही पलीकडे जायचं. अशा ठिकाणी बाईंनी बाहेरच्या खोलीत समुद्र थाटला होता. चार फुटी टाकी, त्यात दगड, आणि दगडांवर जिवंत पोवळी. दागिन्यातलं पोवळं नव्हे. टाकीतलं पोवळं हा प्राणी आहे, तो उजेडात फुलतो, हात लागला की मिटतो आणि पाणी बिघडलं की मरतो. दगडी पोवळं बाळगायला कायद्याची बंदी आहे, ते बाईंनी कधी शिवलं नाही. त्यांच्याकडचं सगळं मऊ जातीचं. पण टाकीतलं पोवळं दागिन्यातलं नव्हे, ही गोष्ट गावाला शेवटपर्यंत कळली नाही. एक गृहस्थ मुलाच्या मंगळासाठी अंगठीत बसवायला पोवळं मागायला आले होते. बाईंनी त्यांना टाकीसमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "ह्ये घ्या. पर ह्येला रोज खाया घालावं लागंल, आन् आंगुळी पाण्यात ठिवावी लागंल." गृहस्थ चहा न घेताच गेले.

बाई तालुक्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. प्राध्यापक त्यांना मावशी म्हणत. आम्ही पोरं मात्र बाई म्हणायचो, कारण प्रयोग आम्हाला खऱ्या अर्थाने त्यांनीच शिकवला. मी एकदा टायट्रेशनचं, म्हणजे ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब सोडून मोजायच्या प्रयोगाचं, पहिलं रीडिंग घेतलं आणि पुढची दोन मनाने लिहून टाकली. प्राध्यापकांनी बरोबरची खूण केली. बाई भांडी गोळा करायला आल्या, माझ्या वहीवर नजर टाकली आणि हळूच म्हणाल्या, "तिन्ही सारकीच? ब्युरेट तुमचं लई ऐकतंय वाटतं." मग म्हणाल्या, "चुकलं तर चुकलं लिव्हा भाऊ. चुकल्यालं रीडिंग सुधारता येतं. खोट्याचं काय करायचं?" तेव्हा मी हसलो होतो.

पोवळं त्यांच्याकडे आलं ते टाकून दिलेलं म्हणून. प्राणिशास्त्रवाल्यांनी कुठल्याशा प्रदर्शनासाठी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती. प्रदर्शन संपलं आणि कुणीतरी बाईंना सांगितलं, मावशी, हे मोरीत ओता. बाई ओतायला गेल्या तर तळाच्या दगडावर सुपारीएवढं काहीतरी तपकिरी होतं, त्याची झालर हलत होती. त्या बादली तशीच घेऊन घरी आल्या. पुढे पाण्याचा खारटपणा, क्षार, चुना सगळं त्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीनं स्वतः मोजायला शिकल्या. पुस्तक इंग्रजी असलं तर डिक्शनरी घेऊन बसत. त्या सुपारीची पुढं ताटलीएवढी वसाहत झाली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली ही टाकी, आणि दोन्हींच्या मध्ये खिळ्याला अडकवलेली रीडिंगची वही.

वीज गेली की पंप बंद पडायचा आणि बाई प्लॅस्टिकचा मग घेऊन टाकीशी उभ्या राहायच्या. मगात पाणी घ्यायचं आणि वरून परत टाकीत सोडायचं, म्हणजे हवा मिसळते. दोन दोन तास हे चाले. पुतणीच्या लग्नात पंगतीला बसल्या असताना ओतूरची लाईट गेल्याचा फोन आला. बाई ताटावरून उठल्या, हात धुतले आणि जीप पकडून घरी आल्या. नातेवाईक पुष्कळ दिवस बोलत नव्हते. बाई म्हणाल्या, "नवरीला काय, तिथं दोनशे माणूस व्हतं बघायला."

बाई निवृत्त झाल्या त्याच सुमाराला मला धंद्याची अवदसा आठवली. पिंपरी पेंढारला आमची द्राक्षबाग आहे. बागेच्या कडेला एक पत्र्याची शेड रिकामी होती. शहरात पोवळ्याच्या टाक्यांचं वेड वाढतंय आणि शौकीन लोक एकेका तुकड्यासाठी तडफडतात, हे माझ्या कानावर आलं होतं. मी बाईंकडे गेलो. तुम्ही वाढवा, मी विकतो, निम्मी भागीदारी. "इकायचं म्हंजी ज्याला नीट सांबाळायचंय त्यालाच ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, अर्थात. आम्हा धंदेवाल्यांना हा शब्द फार सहज येतो.

शेडमध्ये दहा टाक्या लागल्या. बाई कात्रीने तुकडे करत, ते लहान दगडांवर बसवत आणि दोन महिने हलू देत नसत. तुकडा दगडाला धरला पाहिजे, फुलला पाहिजे, मग जाईल. कुणीही टाकीपाशी आलं की त्या आधी त्याचे हात बघत. आमच्या भागात हंगामात प्रत्येकाच्या नखात मोरचूद असतं. द्राक्षावर बुरशी येऊ नये म्हणून मोरचूद आणि चुन्याची फवारणी करतात, आणि मोरचूद म्हणजे तांबं. वेलाला ते औषध, पोवळ्याला विष. बाईंनी शेडच्या दारावर पाटी लावली होती, 'बागेतले हात बाहेर'. माझ्याच शेडमध्ये मला कोपरापर्यंत हात धुवायला लावत. मी धूत असे, वर चारचौघांत थट्टाही करत असे.

शेडवरच्या बोर्डावर नाव आमच्या आडनावाचं होतं. गावात लोक म्हणत, त्या ओतूरच्या बाई यांच्याकडे कामाला असतात. निम्म्या भागीदारणीला कामाला म्हणतात हे माझ्या समोर कितीदा घडलं, आणि एकदाही मी ते दुरुस्त केलं नाही. बाईंनीही कधी विषय काढला नाही. त्यांना कुणी काय म्हणायचं याची आयुष्यभराची सवय होती, आणि मला त्या सवयीचा फायदा होता.

मागणी वाढली तसा मला त्यांचा पाण्याचा नियम खुपायला लागला. नाशिकच्या माणसाने बाटली घेऊन ओतूरला यायचं, मग तुकडा न्यायचा, असा कुठे धंदा होतो का? बाई मंगळवारी आणि शुक्रवारी शेडवर येत. मी बुधवारी पार्सलं काढू लागलो. पिशवीत पाणी, पाण्यात तुकडा, थर्माकोलचा खोका, नारायणगावच्या स्टँडवरून रवाना. दोन महिन्यांची मुदत दोन आठवड्यांवर आली. मग तक्रारी आल्या. एका गिऱ्हाईकाने मेलेला तुकडा त्याच पिशवीतून परत पाठवला आणि नेमका शुक्रवारी तो बाईंच्या हाती पडला. मेलेल्या पोवळ्याचा वास ज्याने घेतलाय तो विसरत नाही. बाईंनी पिशवी बांधली आणि मला म्हणाल्या, "भाऊ, ह्यो वाढवायचा धंदा व्हता. तुमी मारायचा केला." मी माफी मागितली, पुन्हा असं होणार नाही म्हणालो, आणि पुढच्या बुधवारी तीन पार्सलं पाठवली.

मग ड्रमचं झालं. टाक्यांचं पाणी बदलायचं होतं आणि मीठ मिसळायचा पांढरा ड्रम तळाला फुटला. बाई दुसऱ्या दिवशी येणार होत्या. एक दिवस थांबलो असतो तर काही बिघडत नव्हतं. पण मला बुधवारी माल पाठवायचा होता. बागेत निळा ड्रम पालथा पडला होता, मोरचूद कालवायचा. मी तो चार पाण्यांनी धुतला, हात फिरवून पाहिला, स्वच्छ वाटला. त्यात आरओचं पाणी भरलं, मीठ टाकलं आणि दहाही टाक्यांत ते पाणी सोडलं. आपल्याकडे घराघरात औषधाचे ड्रम धुऊन धान्याला, पाण्याला वापरतात. चार पाण्यांनी धुतलं की सगळं शुद्ध होतं ही आमची श्रद्धा.

सकाळी एकही पोवळं उघडलं नव्हतं. बाई आल्या आणि पिशवी खाली न ठेवताच त्यांनी खारटपणा मोजायचा हायड्रोमीटर काढला. खारटपणा ठीक, उष्णता ठीक, चुना ठीक. मग त्यांनी मला विचारलं, "मीठ कशात कालवलं?"

"नवा ड्रम आणला," मी म्हणालो.

त्यांनी विश्वास ठेवला. तीन दिवस त्या रोज ओतूरहून येत राहिल्या. पंप उघडून पाहिले, दिवे तपासले, मिठाची गोणी चाखून पाहिली. मी त्यांच्या मागे उभा राहून मान हलवत होतो. पहिल्या टाकीतली पोवळी पांढुरकी होऊन दगडावरून ओघळायला लागली तेव्हाही मी बोललो नाही. चौथ्या दिवशी बाई हात धुवायला बागेकडे गेल्या आणि त्यांना तो निळा ड्रम दिसला. तळाशी मिठाची पांढरी रेघ होती. त्यांनी पर्समधून कापूस काढला, ओला केला, ड्रमच्या तळाच्या खाचेत फिरवला आणि त्यावर तपासणीच्या पिशवीतल्या बाटलीतून अमोनियाचे दोन थेंब टाकले. कापूस गर्द निळा झाला. बारावीत आम्हाला तांबं ओळखायला त्यांनीच हे शिकवलं होतं.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कापूस माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "त्याच दिवशी सांगितलं असतं तर निम्मी माज्या घरच्या पाण्यात नेली असती. निम्मी वाचली असती." मग त्यांनी आपली कात्री आणि हायड्रोमीटर धुऊन पिशवीत टाकला. हिशेब काय करायचा, असं मी काहीतरी पुटपुटलो. "धंदा राहू द्या तुमाला," त्या म्हणाल्या. "टाकीचं याड माजं हाय. ते माज्यासंगं येतंय." रस्त्यावर जाऊन त्यांनी जीपला हात केला.

मी वर्षभर बाहेरून माल आणून धंदा रेटला. पोवळी येत, मरत, आणि मी गिऱ्हाईकांच्या पाण्याला दोष देत राहिलो. शेवटी बोर्ड उतरवला. आता त्या शेडमध्ये टोमॅटोचे क्रेट असतात. बाईंना मात्र लोक म्हणाले, एवढं हात पोळल्यावर आता सोडा तो नाद. त्या म्हणाल्या, "धंदा सोडला. नाद कशापायी सोडू? त्येनं माजं काय वाकडं केलंय?" त्या सुपारीएवढ्या तुकड्याची मूळ वसाहत त्यांनी घरीच ठेवली होती, तिच्यापासून त्यांनी परत सुरुवात केली. आता तुकडे फुकट मिळू लागले. अट तीच.

एका हंगामात मी द्राक्षांची पेटी घेऊन गेलो. बाईंनी ती घेतली, घड एक एक करून मिठाच्या पाण्यात धुतले, आणि त्यातलेच दोन मला बशीत दिले. टाकी बघू दिली. "हात मागं ठिवा," एवढंच म्हणाल्या. मी ज्यासाठी गेलो होतो ते शब्द द्राक्षांबरोबर गिळून परत आलो.

त्यानंतर मी घरी दोन फुटी टाकी मांडली. विकायला नाही. बायकोने कपाळावर हात मारला. दोन वर्षं त्यात नुसते दगड आणि पाणी. आठवड्याला रीडिंग, वहीत नोंद, चुकलं तर चुकलं. मग गेल्या दिवाळीनंतर कळलं की बाई मुलीकडे नाशिकला कायमच्या चालल्यात, त्यांना आता कमी दिसतं, आणि टाकी मंचरच्या एका शिक्षकाला देणार आहेत. मी बाटली भरली आणि ओतूरला गेलो.

बाई दारात होत्या. "पाणी आणलंय का?"

मी बाटली पुढे केली. त्यांनी भिंग लावून, थेंब मोजत, एकेक तपासणी केली. खारटपणा, क्षार, चुना. शेवटी, मी तिथे उभा असताना, तांब्याची. पाणी निर्मळ निघालं. बाईंनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"अजून काय सांगायचंय?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "एक तुकडा मिळाला तर."

बाईंनी बाटलीला झाकण लावलं आणि माझ्या हातात परत दिली. "पाणी चांगलं हाय, भाऊ. पाण्याचा दोष तवाबी नव्हता." आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

चहा प्यायलो मी. निर्लज्जासारखा बशीत ओतून प्यायलो. ओतूरच्या स्टँडवर बाटली मांडीवर घेऊन बसलो तेव्हा मला कळलं की त्यांनी मला दुसऱ्यांदा तीच संधी दिली होती, आणि मी दुसऱ्यांदा तेच केलं होतं. त्यांना ड्रमचं काही नव्याने कळायचं नव्हतं. ते माझ्या तोंडून यायला हवं होतं, एवढंच. बाई आता नाशिकला आहेत. पोवळी मंचरला सुखरूप आहेत असं ऐकतो. माझ्या टाकीत अजून नुसते दगड आणि पाणी आहे. येणारेजाणारे विचारतात, मासे कुठायत? मी दर रविवारी रीडिंग घेतो आणि खरं तेच लिहितो, आणि हेही आज लिहून ठेवतो, उशीर झालाय तरी. ड्रम नवा नव्हता, बाई. तो मोरचुदाचा होता, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.