मान खाली घालून चालणारी ऋता

ऋता गेल्याचा फोन माझ्याकडे आला, कारण भोपाळमध्ये तिचं असं माणूस मीच, तिची आत्या. जंगलातून परतताना तिच्या टीमची जीप उलटली होती. इंदूरला दादाला, म्हणजे तिच्या वडिलांना, ते मला सांगावं लागलं. कुठल्या शब्दांत सांगितलं, आठवत नाही...

एमएस्सी करता करता इंटर्नशिपसाठी ती हिवाळ्यात आमच्या कोलार रोडच्या घरी राहायला आली. काम वाघांच्या अभ्यासाचं. दादाला ते मुळीच पसंत नव्हतं. आमच्या कॉलनीमागच्या टेकड्यांत वाघ फिरतात, त्यामुळे मला वाघाचं नवल नव्हतं. नवल होतं तिच्या कामाचं. झाडाला गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा बांधायचा आणि तो समोरून जाणारं जनावर टिपतो की नाही, हे बघायला स्वतःच त्याच्यासमोरून रांगत जायचं. सरावासाठी एक जुना कॅमेरा तिने आमच्या डायनिंग टेबलच्या पायाला पट्ट्याने बांधला. हालचाल टिपली की त्यावर लाल दिवा लुकलुकायचा. मग घरी येईल त्याला रांगायला लावायची. माझे गुडघे कुरकुरायचे, तरी सुटका नव्हती.

"आत्या, मान खाली ठेव ना. वाघ थोडीच फोटो काढून घ्यायला येतो, यार."

दादा भेटायला आला तेव्हा त्याच्याही मागे लागली. "असले माकडचाळे मी नाही करणार," म्हणत तो पेपर उघडून बसला. "ठीक आहे बाबा, अगली बार," ती हसून म्हणाली.

गेल्या आठवड्यात तिच्याबरोबर काम करणारी मुलगी जंगलातल्या कॅमेऱ्यांतले ऋताचे फोटो घेऊन आली. दादा इथेच होता. शेवटच्या दिवशी एकेका कॅमेऱ्यासमोरून रांगत गेलेली ऋता... पाठ, वेणी, कोपराला लागलेली माती. दादा प्रत्येक फोटो मोठा करून बघत राहिला.

"चेहरा कुठाय हिचा?"

एकाही फोटोत नव्हता. इतकं नीट काम केलं होतं पोरीने. मला तिचा भयंकर राग आला. एकदा तरी वर बघायचं होतंस गं...

लोक म्हणतात, सावरा. कशासाठी सावरायचं, ते कोणी सांगत नाही.

टेबलाच्या पायाचा कॅमेरा मी सोडलेला नाही. परवा चहा घेऊन बाहेर आले, तर दादा जमिनीवर हात टेकून, मान खाली घालून त्याच्यासमोरून जात होता. थांबला, वळून दिव्याकडे बघितलं, पुन्हा गेला. दिवा लागला नाही. आतले सेल केव्हाच संपलेत, हे मला त्याला सांगवलं नाही.