दारावरचा चुना

फोन कौसल्याच्या लेकीचा, संगीताचा होता, नागपूरच्या दवाखान्यातून. "बाई, माय गेली," एवढंच बोलली. नंतर कितीतरी वेळ फोन चालूच होता आणि वॉर्डातली भांड्यांची आदळआपट मला ऐकू येत होती. रडू आलं नाही मला, आधी राग आला. कौसल्याचाच राग. आता महिना उलटून गेला, कापसाची वेचणी सुरू झाली, तरी तो उतरत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलते... पण भांडण अर्ध्यात सोडून गेलेल्या बाईबद्दल नुसतं चांगलं कसं बोलायचं?

मी या गावच्या शाळेत मास्तरीण, आणि माझ्या घरापासून दोन घरं सोडून कौसल्याचं घर. ती लोकांच्या शेतात कापूस वेचायची, तूर सोंगायची. कमरेला कापडी पिशवी, तिच्यात खर्रा... सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोट-घोट घोटलेला. बोटाला उरलेला चुना ती येता-जाता दाराच्या निळ्या चौकटीला पुसायची. त्या बोटांचा थर चढून चौकट एका बाजूनं पांढरी झाली होती. मी चिडवायची, "कौसल्या, उभ्या जन्मात तू कोणाला चुना लावला नाहीस, तो सगळा या दाराला लावलास." तोंडातला ऐवज सांभाळत ती हसायची आणि मला आत बोलावून चहा टाकायची.

ती कापसाची वाईट वर्षं होती. सकाळी शेजारच्या गावातून कोणत्या शेतकऱ्यानं जीव दिल्याचं ऐकू येईल याचा नेम नसायचा. आमच्या थांब्याजवळ देशी दारूचं दुकान होतं आणि माझे यजमान तिथले नेमाचे गिऱ्हाईक. हे लिहायला आता लाज वाटत नाही, गावाला ठाऊकच होतं. एकदा त्यांनी भर रस्त्यात माझ्यावर हात उगारला तेव्हा कौसल्या डोक्यावरचं गाठोडं टाकून मध्ये येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून तिनं दुकान बंद करायचा ध्यास घेतला. बुद्धविहारात बायकांच्या बैठका सुरू झाल्या. मग ग्रामसभा भरली. यजमानच उठले. म्हणाले, "कापसाले भाव नाई, घरी चैन नाई. आमी आमच्या कमाईची पेतो. आता आमी काय प्यावं, तेही बाया ठरवन काय?" कमाई बहुतेक माझी होती, पण ते असो. कौसल्या म्हणाली, "भाऊ, बाटली तुमची हाय, कबूल. पर पाठ कोनाची हाय?"  तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्यानं खडा टाकला, "कौसल्ये, मंग तुया कमरेच्या खर्ऱ्याचं काय? पाचव्या शीलात तो नाई बसत काय?" लोक हसले. ती काही डगमगली नाही. "पाचव्या शीलात दारू हाय, बाबा. सुपारी मले तरी कोनी दाखोली नाई. अन् माहा खर्रा माह्या तोंडात रायते, कोनाच्या पाठीवर नाई पडत." काय टाळ्या पडल्या त्या वाक्याला!

मतदान शाळेतच झालं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. वेचणीच्या ओळीत चालता चालता कौसल्या म्हाताऱ्यांकडून घोकून घ्यायची, "आडवी, माय, आडवी!" आडवी जिंकली. यजमान जीपनं तालुक्याला, दारव्ह्याला जाऊन पिऊ लागले. पण आळशी माणूस. जीपची वाट पाहण्याचा कंटाळा येऊन त्यांची दारू बाजाराच्या दिवसापुरती उरली, मग तीही सुटत गेली. माझ्या हातापाया पडण्यानं जे झालं नाही, ते जीपच्या खोळंब्यानं केलं. आज ते जिवंत आहेत ते कौसल्यामुळं, असं ते स्वतःच म्हणतात.

आणि इकडे कौसल्याला तिखट झोंबायला लागलं. मग तोंड उघडेना. भाकरीचा तुकडा जाईना, वरणात भिजवून चाटायची वेळ आली. खर्रा सोड म्हणून मी रोज मागे लागले. एक दिवस ती उसळली. "बाई, तुमी काय माह्या मालकीन हा? दिवसभर उन्हात वाकून कापूस वेचून पाहा एकदा. याच्यानं भूक मरते, कंबर कळत नाई. एवढं एक तर माहं असू द्या." मीही थांबले नाही. "माझा नवराही हेच म्हणत होता, कौसल्या!" हे तिला फार लागलं. पुष्कळ दिवस ती माझ्या दारावरून मान वळवून गेली. खरं सांगते, तिचं म्हणणं मला आजही पुरतं खोडता येत नाही. माणसाच्या तोंडावर दुसऱ्याचा हक्क किती? दारूसाठी निदान मतपत्रिका होती. खर्रा आडवा करायची मतपत्रिका निघाली असती, तर त्या वेचणीच्या ओळीतल्या बायांनी शिक्का कशावर मारला असता?

पुढं यवतमाळ झालं, नागपूर झालं. वॉर्डात रांगेनं सगळी तोंडाच्या कॅन्सरचीच माणसं, आणि प्रत्येक खाटेच्या पायाशी कोणीतरी कामधंदा सोडून बसलेलं. कौसल्याच्या पायाशी संगीता. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता, ते अर्ध्यात सुटलं. मी शेवटची भेटले तेव्हा कौसल्याला बोलता येत नव्हतं. ग्रामसभा गाजवणारी बाई, आणि पाणी नळीनं. संगीता पाठमोरी बसून मोसंबी पिळत होती. कौसल्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पाठीवर थोपटलं. "पाठीवर पडला, बाई," असं ती सांगत होती? की आई लेकीवर करते ती नुसती माया होती? मी मला हवा तो अर्थ घेऊन घरी आले, आणि तेव्हापासून तो अर्थ मला झोपू देत नाही.

परवा संध्याकाळी संगीताकडे गेले. ती नुकतीच वेचणीवरून आली होती. आत शिरताना माझा हात सवयीनं चौकटीला टेकला आणि बोट पांढरं झालं. चुना ओला होता... मी बोट तिच्यापुढं धरलं. तिनं मान खाली घातली. "माय गेल्यापासून मन नाई लागत, बाई. अन् कमर लई दुखते. माहा खर्रा माह्या तोंडात..." इथं ती थांबली. पुढचं वाक्य आम्हा दोघींनाही पाठ होतं.

पदराचं टोक भिजवून मी तो ओला चुना पुसून काढला. खालचा जुना, वाळलेला, कौसल्याच्या बोटांचा, तो राहू दिला.

"उद्या पुन्हा लागन, बाई," संगीता म्हणाली.

"लागू दे. मी दोन घरं सोडूनच राहते."