कुंपणापलीकडची विहीर

सोनगीरच्या अलीकडे हायवेला लागून ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचा एक कारखाना होता. तिथे मी सव्वीस वर्षं फिटर होतो. मालक वारले, कारखाना बंद पडला, आणि मालकांच्या मुलानं ती जागा घरं बांधणाऱ्यांना विकली. त्यांनी आधी जमिनीत मुरलेलं ट्रान्सफॉर्मरचं खराब तेल काढायला एक कंपनी नेमली. कंपनीच्या इंजिनिअर मॅडमनी मला धुळ्याला फोन केला.

"काका, नकाशा कुणाकडेच नाही. तेलाचा गाळ कुठे टाकायचात, तेवढं येऊन दाखवा."

मी गेलो. शेड पाडलेली होती. भट्टीच्या मागे जिथे मोठा खड्डा होता, ती जागा दाखवली. मॅडमनी तिथे जमिनीला भोकं पाडली, वर आलेली माती हुंगली, काचेच्या बाटल्यांत भरली.

"आणखी कुठे?"

"नाही," मी म्हणालो.

खोटं बोललो. एका पावसाळ्यात तो खड्डा भरून वाहायला लागला होता. मालक म्हणाले, "तुम्हीच बघा आता." मी पूर्वेच्या कुंपणापाशी दुसरा खड्डा खणून घेतला. जागा मीच निवडली, कारण तिकडे कुणी फिरकत नसे. कुंपणापलीकडे एका अक्कांचं कपाशीचं शेत होतं आणि शेतात विहीर. आम्ही सगळे कामगार त्या विहिरीचंच पाणी प्यायचो. अक्का स्वतः दोर सोडून पाणी काढून द्यायच्या.

चारेक वर्षांनी एका उन्हाळ्यात अक्का तांब्या घेऊन गेटवर आल्या. "भाऊ, देखा तं. पाणीवर तेल शे."

पाण्यावर रंगीत तवंग होता. मला तेव्हाच कळलं. तरी म्हणालो, "विहिरीतल्या मोटारीचं तेल गळत असेल, अक्का. मोटार खोलून बघा."

त्यांनी मोटार वर काढली, दुरुस्त करून परत बसवली. पुन्हा तक्रार घेऊन त्या आल्या नाहीत. प्यायचं पाणी गावातून डोक्यावर आणायला लागल्या. मी रोज बघायचो.

मॅडमचं खोदकाम सुरू झालं. का कोण जाणे, मी रोज जाऊन बसायचो. जेसीबीच्या बादलीतून काळी, चकाकणारी माती वर यायची आणि ताडपत्री झाकून ट्रकनं लांब जायची. वास अगदी ओळखीचा होता. हाच वास अंगाला यायचा म्हणून बायको माझे कपडे वेगळे धुवायची. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मॅडमना कुंपणापाशी नेलं.

"इथेही आहे. हा मीच खणला होता."

त्या रागावल्या नाहीत. कागदावर खूण केली, इतकंच. खणल्यावर ती जागा पहिल्यापेक्षा वाईट निघाली. मॅडमनी विहिरीचं पाणी तपासायला नेलं. त्यात तेल निघालं.

"मग विहीर कधी साफ करणार?" मी विचारलं.

"काका, विहीर प्लॉटच्या बाहेर आहे. आमचं काम कुंपणापर्यंतच. अहवालात लिहीन मी."

त्याच दुपारी मी अक्कांकडे गेलो. त्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. आता बऱ्याच थकल्या आहेत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खड्डा, मोटारीची थाप, सगळं.

शेंगा फोडणं थांबलं नाही. "माले माहीत व्हतं, भाऊ. तुम्ही आम्हनं पाणी पेवानं बंद करं, तवयच समजनं."

खरंच होतं ते. तो तांब्या पाहिल्यानंतर मी घरून पाण्याची बाटली नेऊ लागलो होतो. इतर कामगारांनाही मी काही बोललो नव्हतो.

"मग बोलल्या का नाहीत, अक्का?"

"बोलीसन काय व्हतं?" मग त्यांनीच विचारलं, "आते ते पाणी साफ व्हई का?"

मी म्हणालो, "माहीत नाही." मॅडमनी मला सांगितलं होतं, आतलं तेल वर्षानुवर्षं उपसत राहावं लागेल. ते मी अक्कांना सांगितलं नाही.

दोन्ही खड्ड्यांत मुरूम भरला, वरून रोलर फिरला. आता तिथे चुन्याच्या रेषा मारल्यात, घरांचे पाये निघालेत. मॅडमनी अहवाल दिला. विहीर बघायला मात्र कुणी आलं नाही. मी तालुक्याच्या कचेरीत अर्ज केला, पोच मिळाली. गेल्या महिन्यात अक्कांच्या मुलानं विहिरीवर बाभळीच्या काट्या टाकल्या, गुरं जाऊ नयेत म्हणून. काट्या ओढायला मीही हात लावला.